अन्याय्य दोषसिद्धी व तरुण आरोपींचा बचाव

जो गुन्हा आरोपीने केलेला नाही, किंवा जो त्याने केल्याचे कायद्याला मान्य अशा पुराव्याने शाबीत झालेले नाही, त्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरविणे म्हणजे अन्याय्य दोषसिद्धी होय. खून, दरोडा, बलात्कार यांसारख्या गंभीर गुन्ह्यांत तिचे परिणाम अत्यंत भयंकर असतात. कारण देहान्ताची शिक्षा अंमलात आल्यानंतर झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. तरुण व अल्पवयीन आरोपी या चुकीला विशेष बळी पडतात. पोलिसांच्या दडपणाला ते लवकर वश होतात, कायद्याची त्यांना माहिती नसते आणि चांगला वकील देण्याची ऐपत त्यांच्या कुटुंबात बहुधा नसते.

जागतिक पार्श्वभूमी : या विषयातील सुप्रसिद्ध खटला अमेरिकेतील स्कॉट्सबरो येथील होय. अलाबामा राज्यात १९३१ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा आरोप ठेवून आठ जणांना घाईघाईने देहान्ताची शिक्षा देण्यात आली. १९३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आरोपींना परिणामकारक वकील मिळाला नाही या कारणास्तव त्या शिक्षा रद्द केल्या. तथापि फेरखटले पुढे अनेक वर्षे चालले व अखेरच्या तिघांना मरणोत्तर माफी मिळण्यास २०१३ साल उजाडले. न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली १४ ते १६ वर्षे वयाच्या पाच मुलांना मुख्यतः त्यांच्या कबुलीजबाबांवरून गोवण्यात आले होते. खऱ्या गुन्हेगाराची कबुली व जनुकीय पुरावा यांच्या आधारे २००२ साली त्यांची दोषसिद्धी रद्द झाली.

भारतातील विधिव्यवस्था : पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा अधिनियमात होते व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) मोफत विधिसाहाय्याची तरतूद करणारा ‘३९ अ’ हा अनुच्छेद जोडण्यात आला. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, अपिलासाठी निकालाची प्रत व मोफत वकील मिळणे हा निर्धन कैद्याचा हक्क असल्याचे सांगितले. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत होऊन १९९५ पासून अंमलात आला. असे असले, तरी हक्क असणे व त्याचा उपयोग करता येणे यांत केवढे अंतर असते, हे महाराष्ट्रातील पुढील खटल्यावरून दिसून येते.

नाशिक येथील खटला : ५ जून २००३ च्या रात्री शेतातील एका झोपडीवर दरोडा पडून एकाच घरातील व त्यांच्याकडील पाहुणा मिळून पाच जणांची हत्या झाली. मृतांत एक अल्पवयीन मुलगी होती व तिच्यावर अत्याचारही झाला होता. आई व एक मुलगा असे दोघेच वाचले. या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांवर खटला भरण्यात आला. भटक्या जमातींपैकी अनेकांवर ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र पुरता गेला नाही.

नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची अपिले फेटाळून सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, असे पुढे निष्पन्न झाले. २०१२ साली १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे पाठवून, सदोष पूर्वनिर्णयाच्या आधारे फाशी दिल्या गेलेल्या कैद्यांच्या शिक्षा कमी करण्याची विनंती केली. पी. बी. सावंत, बी. जी. कोळसे पाटील ही त्यांतील महाराष्ट्राला परिचित नावे होत.

फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन अर्जांची सुनावणी खुल्या न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढे व्हावी, असा निर्णय घटनापीठाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला. त्यामुळे या कैद्यांना दाद मागण्याचा मार्ग पुन्हा खुला झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने आपला २००९ चा निर्णय मागे घेऊन अपिले नव्याने ऐकण्यास घेतली. ५ मार्च २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर व न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. या निर्णयात कळीचा मुद्दा ओळखीचा होता. वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच इसमांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि ही गोष्ट अभियोग पक्षाने न्यायालयापुढे येऊ दिली नाही. सोळा वर्षांच्या बंदिवासाबद्दल प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी व दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश न्यायालयाने दिला. खरे गुन्हेगार मोकळे राहिले, म्हणजे पीडित कुटुंबालाही न्याय मिळाला नाही, ही या खटल्याची दुसरी बाजू होय.

वयाचा प्रश्न : पुणे येथे ऑगस्ट १९९४ मध्ये एका कुटुंबातील पाच स्त्रिया व दोन मुले यांची हत्या झाली. त्या प्रकरणी १९९८ साली फाशी झालेल्या एका आरोपीचे वय गुन्ह्याच्या वेळी सुमारे साडेबारा वर्षे होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या दाखल्यावरून २७ मार्च २०२३ रोजी दिला व २८ वर्षांहून अधिक बंदिवासानंतर त्याची सुटका केली. येथे दोषसिद्धी चुकीची ठरली नाही, चुकीची ठरली ती शिक्षा. कारण बालकाला या कायद्याखाली जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. अल्पवयाचा मुद्दा अंतिम निकालानंतरही मांडता येतो, ही बालन्यायाच्या कायद्यातील तरतूद त्याच्या उपयोगी पडली. गरीब व स्थलांतरित घरांतून जन्माची नोंद बहुधा हाताशी नसते. म्हणून वयाचा पुरावा सुरुवातीलाच मिळविणे हे बचावाच्या वकिलाचे पहिले काम ठरते.

उपाययोजना : पहिल्या चौकशीपासून वकील मिळणे, तपासातील सर्व कागदपत्रे, विशेषतः आरोपीला अनुकूल असलेली, बचाव पक्षाच्या हाती येणे आणि ओळखीच्या पुराव्याची काटेकोर छाननी होणे या गोष्टी आवश्यक आहेत. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात, अन्याय्य खटल्यांच्या बळींना भरपाई मिळण्यासाठी स्वतंत्र वैधानिक तरतुदीची शिफारस केली. नाशिकच्या खटल्यातील भरपाई न्यायालयाने आपल्या अधिकारात दिली होती. कायद्याने ठरवून दिलेला तो हक्क नव्हता. पंचविशीच्या आत तुरुंगात गेलेला माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर सुटतो, तेव्हा गेलेली वर्षे कोणत्याही रकमेने भरून येत नाहीत. तपास व पहिला खटला हेच योग्य रीतीने चालणे, हा यावरील खरा उपाय होय.