उठाव आणि बिऱ्हाडे

विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिन शहरात, उमरावांनी सोडलेल्या जुन्या प्रासादतुल्य घरांत गरिबांची वस्ती झाली होती. १९११ च्या शिरगणतीत एकाच खोलीत संसार करणारी सुमारे २०,००० कुटुंबे तेथे आढळली. जिना सामाईक, नळ सामाईक आणि भांडणेही सामाईक.

२४ एप्रिल १९१६ रोजी या शहरात इंग्रजी सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव झाला. आठवडाभरात तो चिरडला गेला. ज्या पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या, ते राष्ट्राचे हुतात्मे ठरले. परंतु त्या आठवड्यातील मृतांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. त्यांना इतिहासात जागा मिळण्यापूर्वी ती रंगभूमीवर मिळाली.

शॉन ओकेसी हा स्वतः मजुरी केलेला नाटककार. त्याचे ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ हे नाटक ८ फेब्रुवारी १९२६ रोजी अ‍ॅबी नाट्यगृहात प्रथम झाले. नांगर आणि तारे ही कामगारांच्या नागरिक सेनेच्या ध्वजावरील चिन्हे. १९१४ मध्ये ओकेसी त्याच सेनेचा चिटणीस होता. त्याच्या नाटकात मात्र सेनानींपेक्षा बिऱ्हाडकरूच अधिक दिसतात. पतीने लढ्यात जाऊ नये म्हणून नोरा त्याच्या बढतीचे पत्र जाळून टाकते. तरी तो जातो आणि मरतो. बेसी बर्जेस ही इंग्रजांची पक्षपाती, शेजाऱ्यांना शिव्या देणारी बाई. पण क्षयाने झिजणाऱ्या शेजारच्या मुलीला मुकाट्याने दूध देते ती हीच. भ्रमिष्ट नोराला खिडकीपासून दूर ओढताना बेसीला गोळी लागते. गोळी इंग्रज शिपायांचीच असते.

चौथ्या रात्री, ११ फेब्रुवारीला, प्रेक्षागृहात दंगल झाली. राष्ट्रध्वज दारूच्या गुत्त्यात दाखवला, हुतात्म्यांचा अवमान केला, असा आक्षेप होता. कवी येट्सने रंगमंचावरून प्रेक्षकांची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. निषेध करणाऱ्यांत हॅना शीही-स्केफिंग्टन अग्रभागी होत्या. त्यांचे शांततावादी पती लूटमार थांबवण्यासाठी रस्त्यावर उतरले होते. एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमावरून त्यांना चौकशीविना गोळ्या घालण्यात आल्या होत्या.

त्यांचा संताप पोकळ नव्हता. तथापि त्यांचे पतीही बेसीसारखेच, हाती शस्त्र नसताना मेले होते. ज्या मरणाला ध्वज नसतो, त्याचाच शोक ओकेसीने मांडला होता.