हात लावला की बदलणारे चित्र: रुग्णालयातील परस्परसंवादी कलेचा रुग्णाला काय उपयोग होतो?

रुग्णालयाच्या भिंतीवर चित्रे असणे नवीन नाही. बालरुग्ण विभागात ससा, फुगे, आगगाडी रंगवलेली तुम्ही पाहिली असतील. परस्परसंवादी कला म्हणजे त्याच्या पुढची गोष्ट. रुग्णाने हात लावला, फुंकर मारली किंवा तो नुसता जवळून गेला, की चित्र, प्रकाश किंवा आवाज बदलतो. रुग्ण फक्त बघत नाही, स्वतः काहीतरी करतो.

अशा वस्तू बऱ्याचदा डिझाइन, चित्रकला किंवा अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी प्रकल्प म्हणून तयार करतात. तुमच्या वॉर्डात असे विद्यार्थी आले तर त्यांना हो म्हणावे का? त्यातून रुग्णाला काय मिळते आणि काय मिळत नाही? नातेवाइकांच्या मनात येणाऱ्या या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

चित्राने दुखणे कमी कसे होईल?

ही शंका रास्त आहे. जखमेतून निघालेला संदेश नसांमधून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जातो. पण किती दुखते हे केवळ त्या संदेशावर ठरत नाही. आपले लक्ष कुठे आहे आणि मनात भीती किती आहे, यावर मेंदू तो संदेश वाढवतो किंवा दाबतो. खेळात रंगलेल्या मुलाला गुडघा फुटल्याचे घरी आल्यावर कळते, ते यामुळेच.

याचा सर्वांत प्रसिद्ध वापर भाजलेल्या रुग्णांवर झाला. त्यांचे ड्रेसिंग बदलणे फार वेदनादायक असते. चांगली औषधे देऊनही त्रास उरतो. अमेरिकेतील सिएटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा आभासी खेळ तयार केला. डोळ्यांवर चष्म्यासारखे उपकरण लावले की रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो आणि पेंग्विन, हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. ड्रेसिंगच्या वेळी तो खेळणाऱ्या रुग्णांनी दुखणे कमी जाणवल्याचे सांगितले. पुढे २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूचे एमआरआय करून पाहिले, तेव्हा खेळताना वेदनेशी संबंधित भागांतली हालचालही कमी झालेली दिसली. म्हणजे ‘मनाचे खेळ’ म्हणून हे सोडून देण्यासारखे नाही.

मग नुसते कार्टून लावून दिले तर? मुलांना थंडगार पाण्यात हात ठेवायला सांगून केलेल्या प्रयोगांत, नुसता खेळ बघण्यापेक्षा स्वतः खेळल्यावर मुलांनी जास्त वेळ सहन केले. पण २००५ मध्ये, रक्त काढताना केलेल्या एका अभ्यासात उलटे आढळले. हातात खेळणे दिलेल्या मुलांपेक्षा चित्रपट पाहणारी मुले अधिक शांत राहिली. माझ्या मते यात विरोध नाही. खूप घाबरलेल्या मुलाला ‘हे दाब, ते कर’ हा आणखी एक ताण होतो. त्यामुळे सुई टोचण्याच्या बऱ्याच आधी खेळ सुरू करावा. मूल त्यात रमले तर ठीक, नाहीतर आवडते कार्टून लावावे. आपल्या मुलाला काय चालते हे सिस्टरपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असते, ते त्यांना आधीच सांगा.

जगात असे काय झाले आहे?

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पीएचडी करताना हेस्टर ले रिश यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी एक साधन विकसित केले. डच भाषेत त्याचे नाव ‘टोव्हरटाफेल’, म्हणजे जादूचे टेबल. छताला लावलेल्या यंत्रातून साध्या टेबलावर फुले, पाने, मासे अशी प्रकाशचित्रे पडतात. हात फिरवला की पाने बाजूला होतात, फुले उमलतात. त्यात हरणे-जिंकणे नाही. तासन्‌तास गप्प बसणारे आजी-आजोबा त्यामुळे हात पुढे करतात, शेजाऱ्याशी बोलतात. हा आजार बरा करण्याचा उपाय नाही, पण त्या अर्ध्या तासाची किंमत घरच्यांना कळते.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात २०१२ पासून शस्त्रक्रियागृहाकडे जाणाऱ्या मार्गावर जंगलाचे चित्र आहे. मूल जवळून जाते तसे भिंतीतल्या दिव्यांमधून हरीण, घोडा, बेडूक दिसतात आणि नाहीसे होतात. खाटेवर झोपून नेल्या जाणाऱ्या लहान मुलाच्या नजरेला ते यावेत म्हणून काही प्राणी मुद्दाम खाली ठेवले आहेत. मोठी माणसे सहसा हे विसरतात.

तिसरे उदाहरण एमआरआयचे. ही यंत्रे बनवणारे अमेरिकी डिझायनर डग डिट्झ यांनी आपल्याच यंत्राकडे जाताना एक मुलगी रडताना पाहिली. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डिझाइन शाळेत शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात एमआरआयची खोली समुद्री चाच्यांच्या जहाजासारखी सजवली. यंत्र तेच, पण ‘जहाजात आहेस, हलू नकोस’ असे सांगितल्यावर मुले स्थिर पडू लागली आणि गुंगीचे औषध लागणारी मुले कमी झाली.

ही बाब तुमच्यासाठी किती महत्त्वाची आहे ते पाहा. गोखिवऱ्याहून परळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात मुलाला तपासणीला न्यायचे असेल तर पहाटे निघून वसई रोडला लोकल धरावी लागते. गुंगी द्यायची असेल तर मूल उपाशी हवे, भूलतज्ज्ञ हवा आणि नंतर काही तास देखरेखही हवी. मूल जागेपणी स्थिर पडू शकले तर हे सगळे टळू शकते. त्यासाठी आदल्या आठवड्यात घरी खाटेखाली किंवा मोठ्या खोक्यात ‘जहाज’ करून, एमआरआयचा ठकठक आवाज मोबाइलवर ऐकवून, हलायचे नाही हा खेळ खेळा. गुंगी टाळता येईल का हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

आपल्याकडे काय करता येईल?

पालघर जिल्हा वारली चित्रांचा. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसे इथल्या मुलाला शिकवावी लागत नाहीत. पांढऱ्या रेषांच्या त्या चित्रावर हात ठेवला की तारपा वाजेल आणि फेर फिरू लागेल, अशी भिंत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना स्पर्श ओळखणारे सेन्सर आणि छोटा संगणक वापरून करता येण्यासारखी आहे. परदेशी पेंग्विनपेक्षा ती मला जास्त आवडेल. मात्र वारली चित्रकाराला त्यात सोबत घ्यावे, त्याची चित्रे परस्पर उचलू नयेत.

विद्यार्थ्यांची वाट न पाहताही बरेच करता येते. साबणाचे फुगे हे सर्वांत स्वस्त साधन आहे: फुगा फुटू नये म्हणून मूल हळू फुंकते, श्वास लांबतो आणि अंग सैल पडते. रात्री मोबाइलच्या टॉर्चसमोर बोटे धरून भिंतीवर ससा, कुत्रा, पक्षी करता येतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही एका हाताने त्यात भाग घेता येतो.

विद्यार्थी वॉर्डात आले तर काय सांगावे?

आधी रुग्णाला विचारू द्या. ‘नको’ म्हटले तर तो विषय तिथेच संपतो, आणि त्यामुळे उपचारात काही फरक पडणार नाही हेही स्पष्ट असले पाहिजे. फोटो आणि व्हिडिओसाठी वेगळी परवानगी हवी; मूल असेल तर आईवडिलांची.

मग रुग्णाच्या अडचणी सांगा, कारण बाहेरून आलेल्यांना त्या दिसत नाहीत. डायलिसिसचा रुग्ण साधारण चार तास एका जागी असतो आणि फिस्टुलाचा हात हलवायचा नसतो. त्याच्यासाठी दुसऱ्या, मोकळ्या हाताने चालणारी वस्तू हवी. केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते. त्याला कापडी, केसाळ किंवा सगळ्यांच्या हातातून फिरणारी वस्तू देऊ नये. जंतुनाशकाने पुसता येईल अशीच द्यावी. ती कशाने पुसायची हे सिस्टरना विचारावे. आकडी येणाऱ्या रुग्णासमोर वेगाने उघडझाप करणारे दिवे नकोत. पेसमेकर असल्यास चुंबक असलेले साधन छातीजवळ आणू नये. एमआरआयच्या खोलीत तर बाहेरची कोणतीही वस्तू परवानगीशिवाय न्यायचीच नाही. आभासी चष्म्याने काहींना मळमळ आणि चक्कर येते. तसे झाले तर लगेच काढावा.

आयसीयूतल्या वृद्धांबाबत मी अधिक सावध असेन. तिथे दिवस-रात्रीचा गोंधळ होऊन रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, नसलेल्या गोष्टी पाहतो. अशा वेळी भिंतीवर हलणारे प्राणी दिसले तर भ्रम वाढू शकतो. त्यांना त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र, समोर दिसणारे घड्याळ आणि ओळखीचा आवाज द्या.

औषधाऐवजी हे चालेल का?

नाही. हे औषधाच्या जोडीला आहे. वारंवार सुया टोचाव्या लागणार असतील तर त्वचा बधिर करणारे मलम मिळते. ते सुमारे तासभर आधी लावावे लागते, म्हणून आधीच विचारा. तान्ह्या बाळाला सुई देताना अंगावर पाजल्याने त्रास कमी होतो.

आणि एक लक्षात ठेवा: खेळात रमलेला रुग्ण ‘दुखत नाही’ असे वाटून त्याचे वेदनाशामक पुढे ढकलू नका. खेळ थांबल्यावर दुखणे पुन्हा जाणवते. दुखणे शून्य ते दहापैकी किती आहे हे खेळ संपल्यावर थोड्या वेळाने विचारा आणि तो आकडा सिस्टरना सांगा. नेहमी खेळणारे मूल अचानक खेळायला तयार नसेल, सुस्त पडून असेल किंवा हात लावू देत नसेल, तर ते रुसले आहे असे समजू नका. ताप, श्वास आणि सलाइनची जागा तपासून घेण्यासाठी लगेच सिस्टर किंवा डॉक्टरांना बोलवा.