लोखंडाच्या गावात अ‍ॅल्युमिनियमचं चाक

मागच्या आठवड्यात भाग आला नाही, त्याबद्दल सॉरी. आजचा भाग त्या कारणावरच आहे. मी जालन्याला घरी आलो होतो आणि अंगणात बसून आमच्या सेकंडहँड गाडीच्या चार अलॉय व्हील्सना रंग मारत होतो. हात चांदीच्या रंगाचे, डोक्यात इतिहास. म्हटलं, यावरच बोलू.

आमचं गाव लोखंडाचं. एमआयडीसीत भंगार येतं, भट्टीत वितळतं, बिलेट होतं, रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडतं. आमचे अण्णा तिथेच वीसेक वर्षं होते. त्याआधी आजोबा अंबडकडे लोहारकाम करायचे, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतात, मग ती फुगते, चाकावर बसते, आणि लगेच वरून पाणी. आकसली की सगळे आरे आवळले जातात. खिळ्यांपेक्षा ही पकडच मोठी. चाक ढिलं झालं की धाव काढायची, कापायची, जोडायची, परत चढवायची. म्हणजे आमच्या घरात चाक ही 'तापवून दुरुस्त होणारी' गोष्ट होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता रंग. माझ्या हातात सिल्व्हरचा स्प्रे कॅन होता. रंगाचा पहिला स्प्रे कॅन कुठल्या रंगाचा होता, माहितीये? अ‍ॅल्युमिनियमचा! १९४९ साली अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या सिकामोर गावात, एडवर्ड सीमोर नावाचा रंगवाला घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरांसाठी अ‍ॅल्युमिनियम पेंट विकत होता. तो दाखवायला सोपं पडावं म्हणून बायकोने सुचवलं, की हा रंग फवाऱ्याच्या डब्यात का नाही भरत? झालं. आणि ७०-७५ वर्षांनी मी अ‍ॅल्युमिनियमच्या चाकावर अ‍ॅल्युमिनियमचा चुरा फवारत होतो, ते अ‍ॅल्युमिनियमसारखं दिसावं म्हणून. (हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग घासून ठेव की नुसतं.")

त्याआधीची गोष्ट जास्त मजेशीर आहे. १९२०च्या आसपास गाडी बनायला जितका वेळ लागे, त्याहून जास्त तिचा रंग वाळायला लागे. ब्रशने थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, परत थर. चांगल्या गाडीला कित्येक आठवडे. कारखान्यात गाड्या नुसत्या वाळत उभ्या. मग १९२३ला ड्यूपाँट कंपनीने 'ड्यूको' आणलं. हे नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे कापसावर नायट्रिक अ‍ॅसिडची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. बंदुकीची दारू बनते त्याच घराण्यातला. पहिल्या महायुद्धात अशा दारूचा प्रचंड धंदा झाला होता, युद्ध संपल्यावर त्या कारखान्यांना नवं काम हवं होतं. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे वाचताना मला जरा गंमत वाटली. ड्यूको मिनिटांत वाळायचं, इतकं की ब्रश फिरवायलाही सवड नाही, म्हणून फवारा लागला. स्प्रे गन होतीच. टोलेडोच्या डॉ. डीव्हिलबिस यांनी घशात औषध फवारायला यंत्र काढलं होतं, त्यांच्या मुलाने १९०७ला त्यावरून रंगाची गन केली. आपल्याकडे आजही डेंटिंग-पेंटिंगवाला आणि फर्निचरवाला 'ड्यूको मारू का?' असं विचारतो ना, ते हेच. कंपनीचं नाव गेलं, शब्द राहिला.

आणि अलॉय व्हील? बुगाटी टाइप ३५, १९२४, लियाँची रेस. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची आठ आऱ्यांची चाकं. हलकी, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला.

माझी पद्धत थोडक्यात सांगतो, कारण मेसेज येतीलच. चाक काढून धुतलं, ब्रेकची काळी धूळ निघेपर्यंत. बोअरचं पाणी अंगावर वाळू दिलं नाही, पांढरे डाग पडतात. ४००, मग ६००चा वॉटर पेपर. टायर आणि रिमच्या फटीत गोल जुन्या लग्नपत्रिका खोचल्या, टायरवर रंग उडत नाही. जिथे उघडं अ‍ॅल्युमिनियम दिसतं तिथे एचिंग प्रायमरच, साधा प्रायमर पापुद्र्यासारखा निघतो. नट बसतात त्या जागा झाकल्या, तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिला होतो. पातळ थर, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. आणि मास्क, प्लीज. पहिल्या दिवशी दुपारी मारला, ऊन एवढं की थेंब हवेतच वाळून चाकावर रेतीसारखे बसले. सगळं परत घासलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला.

तिसरं चाक घासताना आतल्या बाजूला जुन्या रंगाखाली एक रेघ निघाली. वेल्डिंगची. ज्यांनी गाडी विकली त्यांनी हे सांगितलं नव्हतं. शेजारी केसासारखी नवी भेग.

अण्णा वाकून बघत म्हणाले, "वेल्डिंग तर चांगलं केलंय. रंग मारून टाक, आत कुणाला दिसायलंय?"

मी म्हटलं, "अण्णा, हे लोखंड नाही. ओतल्यावर याला ५४० अंशांच्या आसपास तापवतात, पाण्यात विझवतात, मग दीडशेच्या आसपास काही तास ठेवतात. तेव्हा ताकद येते. वेल्डिंगच्या उष्णतेने तेवढ्या पट्ट्यातली ती गेली."

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोखंड तापलं की रंगावरून सांगतं, किती तापलं ते. हे सांगतं का?"

नाही सांगत. ६०० अंशांच्या आसपास वितळतं, आणि दिवसाउजेडी तोपर्यंत दिसायला तसंच. आजोबांचा आणि अण्णांचा सगळा अंदाज डोळ्यांवर होता, इथे डोळे उपयोगाचे नाहीत.

ह्याच गाडीने अण्णा आईला दर आठवड्याला संभाजीनगरला दवाखान्यात नेतात.

त्यांनी स्वतःच डिकी उघडून स्टेपनी काढली. पत्र्याची, काळी, नशिबाने त्याच मापाची. नट नीट बसतात हे बघून पाना मारला, आणि १०० किलोमीटरनंतर परत तपासायला सांगितलं तर तेही केलं. आता स्टेपनी नवी घ्यायचीय. गाडीची तीन चाकं चांदीची, एक काळं. गल्लीत रोज कोणीतरी विचारतं, रंग संपला का?