जीर्णोद्धारापूर्वीचे छायाचित्र

जीर्णोद्धार हे पुण्यकर्म खरेच. पण जुने उतरविताना गावाची ओळखही पुसली जाण्याचे भय असते. परभणी जिल्ह्यातील चारठाणा व धारासूर येथील प्राचीन मंदिरे सर्वश्रुत आहेत. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत औंढा नागनाथही याच जिल्ह्यात होते. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील सचित्र इंग्रजी ग्रंथात (१९३१) औंढ्याची नोंद आहे. तेथील खालचे कोरीव दगडी काम यादवकाळातले, वरचे विटा-चुन्याचे मागाहूनचे.

लहान गावांच्या वाट्याला असा अभ्यासक क्वचितच आला. हेमाडपंती देवळाचे दगड चुन्याविना एकमेकांत बसविलेले असतात. एकदा उतरविले की कोणता कोठला हे गवंड्यालाही उमगत नाही. म्हणून दगडांवर आकडे घालावेत, चहूबाजूंनी फोटो काढावेत, मगच पहार लावावी. ऑइलपेंटचे तर बोलायलाच नको. कोरीव काम त्याखाली पार बुजते.

जेथे जुने काहीच उरले नाही, तेथे घरोघरचे लग्नाचे अल्बम चाळावेत. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो, त्या फोटोत वऱ्हाडाच्या पाठीमागे कधी जुनी ओवरी, कधी दीपमाळ उभी असते.