मोठा आवाज आणि खरा आवाज

मुंबईसारख्या महानगरांत अलीकडे उंची ध्वनियंत्रणांची प्रदर्शने भरतात. हॉटेलातील एखाद्या खोलीत जाड पडदे सोडलेले असतात, समोर दोन स्पीकर उभे असतात आणि त्यांच्यापासून सारख्याच अंतरावर श्रोत्याची खुर्ची मांडलेली असते. दोन पेट्या आणि एक श्रोता मिळून समभुज त्रिकोण साधला, की गायिका दोन पेट्यांच्या मधोमध प्रत्यक्ष उभी असल्याचा भास होतो. तिचा श्वास ऐकू येतो, तंबोऱ्याची तार थरथरलेली कळते. लोक पापणी न लवता, न बोलता ऐकत असतात. त्या पेट्यांची किंमत मात्र कपाशी पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या कित्येक वर्षांच्या कमाईएवढी असते.

यवतमाळ जिल्ह्यातील वाचक म्हणेल, की या श्रीमंती षोकाशी आमचा काय संबंध? आम्हाला ठाऊक आहे तो लग्नाच्या वरातीतील डीजे, दुर्गोत्सवाच्या मांडवातील स्पीकरची भिंत आणि देवळाच्या सणाला झाडावर बांधलेला कर्णा. परंतु ती मखमली खोली आणि हा कर्णा ही एकाच वंशाची दोन कुळे आहेत. एका कुळाने आवाज मोठा करण्याचा ध्यास घेतला, दुसऱ्याने तो खरा ठेवण्याचा. आपल्या उपासनेत या दोहोंपैकी कोणते कूळ नांदते आहे, हा प्रश्न या इतिहासातून आपोआपच पुढे येतो.

यंत्र येण्यापूर्वी ख्रिस्तसभेने ऐकू येण्याची व्यवस्था लाकूड आणि दगड यांच्या साहाय्याने केली होती. जुन्या गोव्यातील बॉम जेजू बासिलिकेत भिंतीलगत उंचावलेले प्रवचनपीठ आहे आणि त्यावर लाकडी छत्र आहे. ते छत्र केवळ शोभेसाठी नाही. वर उधळून जाणारा आवाज ते खाली श्रोत्यांकडे परतवते. प्रवचनकाराने सावकाश बोलावे, शब्द पुरता उच्चारावा आणि आधीच्या शब्दाचा घुमारा विरेपर्यंत थांबावे, ही शिस्त त्या वास्तूनेच त्याला शिकवली.

मग १९१५ साल उजाडले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, नापा या गावी, पीटर जेन्सन हा डेन्मार्कहून आलेला तंत्रज्ञ आणि त्याचा सहकारी एडविन प्रिडहॅम यांनी चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवून त्याला जोडलेला पडदा कंप पावेल असे यंत्र सिद्ध केले व त्यावर कर्णा बसवला. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला, नाताळच्या पूर्वसंध्येस, सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर जमलेल्या प्रचंड जनसमुदायाला त्यांनी नाताळचे संगीत ऐकवले. एवढ्या मोठ्या जमावाने यंत्राच्या तोंडून ऐकलेल्या पहिल्या सुरांत प्रभुजन्माचे सूर असावेत, हा योगायोग आपणांस सुखावणारा आहे. यंत्राला त्यांनी 'मॅग्नाव्हॉक्स' हे लॅटिन नाव दिले. त्याचा अर्थ मोठा आवाज. पहिल्या कुळाचे हे नामकरणच म्हणायचे.

पुढे १९२५ साली राइस आणि केलॉग या संशोधकांनी कागदी शंकूचा स्पीकर रूढ केला. आजही बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून पोप अकरावे पायस जगाशी बोलले. पुढच्याच वर्षी डब्लिन येथील आंतरराष्ट्रीय पवित्र साक्रामेंत परिषदेत फिनिक्स पार्कपासून शहराच्या रस्त्यांपर्यंत ध्वनिवर्धकांची रांग उभारली गेली आणि जॉन मॅक्कॉर्मॅक यांचे भक्तिगायन लाखो भाविकांच्या कानी पडले.

आपल्या देशात हे कार्य मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ' या कंपनीने केले. स्वातंत्र्यलढ्यातील सभांच्या छायाचित्रांत गांधीजींच्या पुढ्यातील माइकवर हे नाव आजही वाचता येते. नाशिक येथे पुढे या घराण्याचा कारखाना उभा राहिला. वणीचे लोकनायक बापूजी अणे, जे १९३३ साली राष्ट्रसभेचे हंगामी अध्यक्ष होते, त्यांच्या पिढीने घशाच्या बळावर गाजवलेल्या सभाही पाहिल्या आणि माइकवरच्या सभाही. ज्याचा घसा मोठा त्याचेच म्हणणे ऐकले जावे, ही सक्ती या यंत्राने संपवली. कृश प्रकृतीच्या, हळू बोलणाऱ्या महात्म्याचे शब्द मैदानाच्या टोकापर्यंत गेले. मोठ्या आवाजाच्या कुळाचे हे पुण्य विसरून चालणार नाही.

दुसऱ्या कुळाची कथा निराळी आहे. १९१५ पासून सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेतील गावोगावी परीक्षेचे जलसे केले. रंगमंचावर गायिका गाऊ लागे, शेजारी तिचीच तबकडी वाजत असे. मध्येच दिवे मालवले जात. दिवे लागले, की गायिका तेथे नसल्याचे पाहून लोक थक्क होत. या जलशांचे एक गुपित मात्र पुढे उघड झाले. यंत्राची बरोबरी दिसावी म्हणून गायिका आपला गळा आवरून, तबकडीसारख्याच आवाजात गात असत. यंत्राने माणसाशी प्रामाणिक राहावे, हा हेतू होता. प्रत्यक्षात माणूसच यंत्रासारखा झाला.

ही परीक्षा अधिक सचोटीने घेण्याचा प्रयत्न यॉर्कशायरचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी केला. १ नोव्हेंबर १९५४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पीटर वॉकर यांच्या साहाय्याने त्यांनी आधी प्रत्यक्ष वादन आणि मग त्याचेच ध्वनिमुद्रण ऐकवून निवाडा श्रोत्यांवर सोपवला. सभागृह गच्च भरले होते. 'हाय फिडेलिटी' हा शब्द त्या काळी घरोघरी पोहोचला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'फिदेलितास' म्हणजे विश्वासूपणा आहे. गायकाने जे दिले त्यात भर घालायची नाही आणि त्यातून काही गाळायचेही नाही, एवढेच त्या पेटीचे व्रत. आजची उंची प्रदर्शने ही या परंपरेची लेकरे आहेत.

तथापि खरे ऐकणे पेटीच्या किमतीवर अवलंबून नसते, याचा पुरावा महाराष्ट्राकडे आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण वर्षभर, आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित केले. घरोघरचे रेडिओ साधे, आवाज खरखरता. तरीही लोक कामे बाजूला सारून त्या पेटीभोवती जमत, कोणी तिला हारफुले वाहत. याच माडगूळकरांनी १९७३ साली आपल्या यवतमाळात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. यंत्रात जी उणीव होती ती श्रोत्यांच्या अवधानाने भरून काढली होती. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे, आणि श्रद्धा श्रवणातून उपजते असे संत पौलही रोमकरांस लिहितो.

आज पारडे पुन्हा मोठ्या आवाजाकडे झुकले आहे, आणि यात आपण ख्रिस्ती लोक केवळ प्रेक्षक नाही. चेन्नईतील एका ख्रिस्ती मंडळीच्या ध्वनिवर्धकांविरुद्ध शेजाऱ्यांनी केलेली तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ३० ऑगस्ट २००० रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की इतरांची शांती भंगून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावरील ध्वनिवर्धकांवर बंदी आणली. आपल्या सणाच्या नोव्हेना चालू असताना शेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास करणारे मूल असते, अंथरुणाला खिळलेले आजोबा असतात. त्यांच्या लेखी आपली प्रार्थना कशी ऐकू येते, हा शेजारधर्माचा प्रश्न आहे. होरेब पर्वतावर एलियाला परमेश्वर वादळात, भूकंपात वा अग्नीत भेटला नाही. तो त्या गलबल्यानंतरच्या मंद स्वरात भेटला.

देवळाच्या आतही हाच विवेक हवा. उंच छत आणि उघड्या भिंती असलेल्या वास्तूत एकच मोठा स्पीकर लावून आवाज चढवला, तर घुमारा वाढतो आणि शब्द शब्दावर आदळतो. त्यापेक्षा खांबाखांबाला लहान स्पीकर, मंद आवाजात, बसलेल्या भाविकांच्या कानाकडे वळवून लावणे हिताचे. माइकवरच्या वाचकाने जुन्या प्रवचनपीठाची शिस्त पाळली, तर निम्मे काम पैशाविना होते. नवा स्पीकर घेताना धर्मग्राम समितीने एक चाचणी करावी. शुभवर्तमानाचा अनोळखी उतारा वाचावा आणि शेवटच्या बाकावरील आजीबाईंना काय ऐकले ते विचारावे.

या इतिहासातील एक नाव मुद्दाम शेवटी ठेवले आहे. एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकाने १९५४ साली बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान आकाराचा उत्तम स्पीकर बनवला. कपाटाएवढ्या पेट्या त्यामुळे फळीवर मावू लागल्या. पुढे ते कमी ऐकू येणाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळले. अशा माणसाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सोसवत नाही, म्हणून नुसता आवाज वाढवून भागत नाही. स्वरांचे वेगवेगळे पट्टे करून प्रत्येकाला हवे तेवढेच बळ देण्याची रीत त्यांनी शोधली, १९७३ साली ती प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. पुढच्या काळातील श्रवणयंत्रांनी ही रीत स्वीकारली.

मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो आणि 'एफ्फाथा', म्हणजे मोकळा हो, असे म्हणतो. स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या कानाला स्पर्श करतो तो याच शब्दाच्या स्मरणार्थ. सणाची वर्गणी गोळा होईल तेव्हा नव्या कर्ण्याबरोबर धर्मग्रामातील एखाद्या वृद्धाच्या श्रवणयंत्राचाही विचार व्हावा. मिस्सेतील शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला, तर तो आवाज खरा ठरेल.