वनपिंगळा आणि खोटी चिठ्ठी

कॅनरी द्वीपसमूहांतील ला गोमेरा बेटावर १९९९ सालीं एक मोठा सरडा जिवंत आढळला. तोंवर तो नामशेषच समजला जात होता. बेट म्हटलें कीं आम्हांस समुद्रच आठवतो. परंतु चोहोंकडून शेतांनीं वेढलेलें रान हेंही तेथील प्राण्यांस बेटच होय. नंदुरबार जिल्ह्यांतील वनपिंगळ्याची हकीकत याच जातीची आहे.

या लहान घुबडाचा पहिला नमुना ब्लूविट यांनीं १८७२ सालीं मिळविला व ह्यूमसाहेबांनीं पुढल्याच वर्षीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. नंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें खानदेशांत कांहीं नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा ठाव लागेना.

कर्नल माइनर्ट्झहागेन यानें १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीस आपण हा पक्षी मिळविला, असें सांगून एक कातडें पुढें केलें होतें. वस्तुतः तें ब्रिटिश म्युझियममधून चोरलेलें, डेव्हिडसननेंच जमविलेलें जुनें कातडें होतें; तें पुन्हा भरून त्यास खोटी चिठ्ठी लावलेली होती. पामेला रासमुसेन यांनीं ही लबाडी ओळखली. खोटें स्थळ सोडून त्या बेन किंग व डेव्हिड अॅबट यांसह खऱ्या जुन्या स्थळांकडे वळल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळ हा पक्षी दिसला. नंदुरबार जिल्हा तर त्यानंतर, १ जुलै १९९८ रोजीं, धुळ्यापासून वेगळा झाला. एका खोट्या चिठ्ठीनें शोध कसा भलतीकडे नेला, हें इतिहासाच्या अभ्यासकांनीं विसरूं नये.

हा पिंगळा दिवसाही वावरतो. विरळ सागवानी रानांत उघड्या फांदीवर बसून तो सरडे, उंदीर टिपतो आणि झाडाच्या ढोलींत अंडीं घालतो. पुढें तो मेळघाटांत, तानसा अभयारण्यांत व डांगांतही आढळला. डांग नवापूर तालुक्यास लागूनच आहे. म्हणून चिंचपाड्याकडील सागाचें रान केवळ इमारती लांकडाच्या हिशेबानें मोजणें आम्हांस अपुरें वाटतें. पोकळ झालेलें जुनें झाड वखारीस निरुपयोगी, म्हणून त्यावर कुऱ्हाड चालवितांना कोणाचा हात अडखळत नाहीं. पण पिंगळ्याचा संसार नेमका त्याच झाडांत असतो. पिंगळ्याच्या शब्दावरून शकुन पाहण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. या पिंगळ्याचें स्वतःचें भवितव्य मात्र अशीं झाडें आपण राखतों कीं नाहीं, यावरच अवलंबून आहे.