गोणपाटावरचा इतिहास

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीतील साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार लष्कराने उलथून टाकले आणि जनरल पिनोचे यांची राजवट सुरू झाली. पकडून नेलेली अनेक माणसे परतलीच नाहीत. तुरुंगांचे आणि शवागारांचे उंबरठे झिजवणाऱ्या सान्तियागोच्या काही स्त्रियांनी १९७४पासून चर्चच्या आश्रयाने, गोणपाटावर चिंध्या जोडून चित्रे शिवायला घेतली. गोणपाटाला स्पॅनिशमध्ये 'आर्पियेरा' म्हणतात. तेच नाव चित्रांनाही पडले. वर अँडीज पर्वत नि सूर्य. खाली वस्तीची सामाईक चूल, तोडलेले नळ, बेपत्ता माणसांच्या तसबिरी घेतलेल्या बायका. कधी ठिगळ म्हणून त्या बेपत्ता माणसाचाच सदरा वापरलेला असे.

शिवणकाम म्हणजे बायकांचा निरुपद्रवी उद्योग, ही समजूत आरंभी त्यांची ढाल ठरली. तरीही बहुतेक चित्रांवर शिवणारणीचे नाव नसे. कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी १९७६ साली स्थापन केलेली 'विकारिआ दे ला सोलिदारिदाद' ही संस्था चित्रे विकत घेऊन परदेशी धाडी. युरोप-अमेरिकेत निर्वासित चिलियन, स्त्रीसंघटना आणि मानवाधिकार गट ती विकत. त्या पैशावर सान्तियागोतल्या चुली पेटत आणि सेन्सॉरने अडवलेली बातमी भिंतीभिंतींवर पोचे.

भगिनीभाव हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. येथे त्याला शिवणे, नेणे, विकणे आणि पैसे परत पोचवणे असा व्यावहारिक आकार होता. मात्र हे नाते समान नव्हते. धोका शिवणारणीचा होता आणि पसंती घेणारीची. परदेशी गिऱ्हाइकाला काय रुचेल, याचा विचार टाक्यांपर्यंत उतरत असे. दुरून दिलेल्या साथीची ही मर्यादा आपण नाकारू नये.

ती ओलांडली गेली ती इतर देशांतील स्त्रियांनी स्वतः सुई हाती घेतली तेव्हा. पेरूत लिमाच्या वस्त्यांतील स्त्रियांनी ही कला आपलीशी केली. २००८ साली चिलियन अभ्यासक रोबेर्ता बासिक यांनी उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे अशा वस्त्रचित्रांचे प्रदर्शन भरवले. पुढे तेथील स्त्रियांनीही आपल्या रक्तरंजित दशकांच्या आठवणी याच पद्धतीने शिवल्या. दुसरीचे दुःख पाहून आपले सांगण्याचे धैर्य येणे, हे आम्हाला सहानुभूतीहून मोठे वाटते.

चिली सरकारने २०२३ साली बेपत्तांच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. १,४६९ जणांपैकी तोवर केवळ ३०७ जणांच्या अवशेषांची ओळख पटली होती. उरलेल्यांपैकी कितीएकांची आठवण अजून गोणपाटावरच आहे.